मोठी गाडी म्हणजे आरामाची गाडी? मागच्या सीटवर बसणाऱ्यांचे अनुभव हवेत

पायवाट
नमस्कार मंडळी. गाडी बदलायची आहे आणि घरात दोन तट पडलेत. सध्याची छोटी हॅचबॅक जुनी झाली. घरात आम्ही पाच जण: मी, बायको, अकरावीतला सहा फुटी मुलगा, बाबा आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या सांधेबदलाच्या शस्त्रक्रिया झाल्यात. राहायला कोथरूडला, गाव राजापूरजवळ. गणपती, शिमगा, मे महिना आणि मध्येच निघणारी लग्नकार्यं, प्रत्येक वेळी कऱ्हाड, मलकापूर, अणुस्कुरा घाट करत खाली कोकणात उतरायचं.

भाऊ म्हणतो, आता एकदाच काय ती सात सीटची मोठी एसयूव्ही घे, सगळे ऐसपैस बसतील. बायको म्हणते, बाहेरून मोठी दिसते म्हणून आतून मोठी असते असं नाही. तिच्या माहेरी तशी गाडी आहे आणि मागे बसून तिची कंबर धरते. ब्रोशरमध्ये लांबी, रुंदी, उंची सगळं असतं. पण मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे किती जागा, मांडीला आधार किती, हे कुणी छापत नाही.

इंजिन आणि मायलेजवर चर्चा नको. मागच्या सीटवर बसून चार-पाच तासांचे प्रवास करणाऱ्यांनी आवर्जून लिहा.

गॅरेजवाला
वहिनींचं बरोबर आहे. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. टोयोटाची मोठी एसयूव्ही फॉर्च्युनर ४७९५ मिमी लांब, व्हीलबेस २७४५. मारुतीची एर्टिगा ४३९५ मिमी लांब, व्हीलबेस २७४०. लांबीत तब्बल ४० सेंमीचा फरक आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात फक्त ५ मिमीचा. माणसं बसतात ती मुख्यतः या दोन चाकांच्या मध्ये. मग ते ४० सेंमी गेले कुठे? बरेचसे नाकात. मोठ्या एसयूव्हीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवतात, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट. छोट्या गाडीत इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, पुढचीच चाकं ओढणारी. बॉनेट आखूड होतं आणि उरलेली लांबी माणसांना मिळते.

ही युक्ती रूढ केली ती १९५९ च्या ब्रिटिश मिनीने. ॲलेक इसिगॉनिस यांनी इंजिन आडवं टाकलं, चाकं १० इंची केली आणि जेमतेम १० फुटी गाडीतली ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला दिली. आजची जवळजवळ प्रत्येक हॅचबॅक त्याच वाटेने जाते.

दुसरी गोष्ट चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची. शिडीसारखी चासी असलेल्या गाडीत आधी चासी, तिच्यावर बॉडी, म्हणून आतली जमीन वर येते. छत किती वर न्यायचं याला मर्यादा असते, मग सीट जमिनीलगत बसवावी लागते. बाहेरून बघताना तुम्ही उंचावर बसलेले असता, पण आत तुमचे गुडघे वर आलेले आणि मांड्या अधांतरी. सगळ्याच अशा नसतात. इनोव्हा क्रिस्टाही शिडीच्या चासीवरचीच आहे, पण तिच्या मधल्या रांगेची उंची नीट साधलीय, म्हणून लोक तिच्यात रात्र-रात्र प्रवास करतात.

टॅक्सीकाका
गॅरेजवाला यांच्या आकड्यांत माझी भर. ॲम्बेसेडर आठवते ना? सगळ्यांच्या मनात ती ऐसपैस गाडीची खूणगाठ. तिचा व्हीलबेस २४६४ मिमी होता आणि लांबी ४३०० च्या पुढे. आजची वॅगनआर ३६५५ मिमीची, व्हीलबेस २४३५. लांबी दोन फुटांहून अधिक कमी, पण चाकांमधलं अंतर फक्त तीन सेंमीने कमी.

माझ्या वडिलांची मुंबईत काळीपिवळी पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढची सीट अखंड बाकासारखी. पुढे ड्रायव्हरशेजारी सुद्धा दोघं बसत. मागे आईवडील, मांडीवर पोरं, पायाशी पिशव्या. आज तसं कुणी बसू नये, पट्टे नव्हते आणि डोक्यामागे आधारही नव्हता. पण ती सीट खुर्चीसारखी उंच होती, पाय सरळ खाली सुटायचे. वयस्कर गिऱ्हाईक कण्हत-कुंथत उतरल्याचं मी लहानपणी फारसं पाहिलं नाही. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईत त्या टॅक्सीचा शेवट झाला तेव्हा मन भरून आलं.

इंडिकाही विसरू नका. १९९८ मध्ये रतन टाटांनी ती आणली तेव्हा डोळ्यांपुढे हेच होतं: आकार मारुती झेनचा आणि आतली जागा ॲम्बेसेडरची. पुण्यात घडलेली गाडी. मागे तिघं मोठी माणसं खेटून नाही, बऱ्यापैकी सुटी बसायची. पुढे टॅक्सीवाल्यांनी ती उगाच नाही उचलून धरली.

फिजिओताई
सांधेबदल झालेल्या रुग्णांसोबत रोजचं काम आहे, म्हणून आईंपुरतं लिहिते. त्यांच्यासाठी लेगरूम हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न चढण्या-उतरण्याचा.

दार उघडून आईंना सीटकडे पाठ करून उभं करा. सीटची कड त्यांच्या बसण्याच्या जागेच्या जरा खाली आली, तर त्या अलगद टेकतील आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवतील. सांधेबदलानंतर बसायची ही सगळ्यात सुरक्षित रीत. सीट खूप खाली असेल, सेडानमध्ये असते तशी, तर बसताना अंग टाकावं लागतं आणि उठताना गुडघा ९० अंशांहून बराच जास्त वाकवून सगळा भार त्याच्यावर घ्यावा लागतो. सीट खूप वर असेल तर एका पायावर अख्खं शरीर उचलायचं. बाजूला पायरी बसवली तरी ती अरुंद असते, पावसाळ्यात निसरडी होते. आणि उतरताना तर पायरी दिसतही नाही, पाय चाचपत खाली सोडावा लागतो. पडण्याची भीती खरी तिथे.

म्हणून मधली उंची. वॅगनआरसारख्या उंच हॅचबॅक, एर्टिगासारख्या एमपीव्ही आणि छोट्या एसयूव्ही इथे बसतात. दाराजवळ वर धरायला मूठ हवीच. काही गाड्यांत ती पुढे असते आणि मागे नसते, नीट बघून घ्या.

आता बसल्यावरचं. गुडघ्याच्या मागची खोबण आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं जागा राहावी. सीट त्याहून लांब असेल तर कड गुडघ्यामागे रुतते, पाय जड होतात, सुजतात. बुटक्या बायकांना हा त्रास मोठ्या गाड्यांत फार होतो. उलट सीट आखूड असेल तर तुमच्या मुलाच्या निम्म्या मांड्या हवेत आणि सगळं वजन माकडहाडावर. एकाच सीटवर आई आणि नातू दोघांचं भागवायचं असेल, तर लांबीपेक्षा सीटच्या पुढच्या कडेची उंची आणि पाठीचा कल बदलता येणं जास्त कामाचं.

लालमाती
आम्ही राजापूरचेच. अणुस्कुऱ्याच्या वळणांवर मोठी एसयूव्ही आणि तिसरी रांग, हे समीकरण फक्त पोरांसाठी. तिसरी रांग मागच्या चाकांवर बसते. प्रत्येक खड्डा थेट बुडाखाली येतो आणि वळणावर मागचा माणूस सगळ्यात जास्त हेलकावतो. गणपतीत आमच्याकडे एक काकू तिसऱ्या रांगेतून आल्या, घाटाखाली पाचलला गाडी थांबवून अर्धा तास झाडाखाली बसवावं लागलं. गाडी लाखामोलाची, पण बसण्याची जागा चुकीची.

मधली रांग दोन्ही चाकांच्या मध्ये, तिथे हबके कमी लागतात. म्हणून मी म्हणेन, सात सीटची घ्या, पण पाच जणांसाठी घ्या. तिसरी रांग पाडून ठेवा आणि तिथे सामान टाका. येताना तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या असतातच.

मुळामुठा
पार्किंगचा मुद्दा कुणी काढला नाही, म्हणून काढतो. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत दोन खांबांमध्ये जेवढी जागा, तेवढीच. १.८५ मीटर रुंद गाडी तिथे उभी केली की दार अर्धंच उघडतं. फिजिओताई म्हणतात तसं पाठमोरं बसायचं तर दार पूर्ण उघडायला हवं. म्हणजे आईंना गाडी रस्त्यावर काढल्यावरच बसवायचं, मागून हॉर्न वाजत असताना. रोज दवाखाना आणि देऊळ करणाऱ्या माणसाला हे फार जाचतं.

सरकत्या दाराच्या गाड्यांत हा प्रश्न उरत नाही. पूर्वीची ओम्नी, आताची ईको. वर कार्निव्हल आणि व्हेलफायर, पण त्यांची किंमत आपल्या आवाक्याबाहेर. मधल्या किमतीत सरकतं दार कुणी का देत नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ज्येष्ठांच्या घरांतून अशी गाडी नक्की उचलली जाईल.

सीटफोम
चाकणच्या पट्ट्यात सीट बनवण्याच्या कामात आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. तीन गोष्टी सांगतो, शोरूममध्ये तपासा.

पहिली, मऊ सीटला भुलू नका. दहा मिनिटांत जी सीट सोफ्यासारखी वाटते, तीच दोन तासांनी त्रास देते. मऊ फोम दबून तळाला टेकतो, मग बसण्याची दोन हाडं थेट खालच्या पत्र्याला किंवा तारांना जाऊन भिडतात. दाट, जरा कडक फोम वजन मांड्यांवर पसरवतो. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या सीटखाली तारांची जाळी किंवा स्प्रिंग असतात, पण मागच्या सीटखाली नुसता फोम, तोही सरळ पत्र्यावर. मागची सीट गुडघ्याने दाबून बघा. तळ लागला की लगेच कळतं.

दुसरी गोष्ट शरीराची. बसलेल्या माणसाला उभे हादरे सगळ्यात जास्त बोचतात ते सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारे. हादऱ्यांच्या मोजमापाचं आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही उभ्या हादऱ्यांना या पट्ट्यात सर्वात जास्त भार दिलाय. सस्पेन्शन, टायर आणि सीटचा फोम या तिघांनी मिळून हेच हादरे मारायचे असतात. म्हणूनच सीट एकटी चांगली-वाईट नसते. टायरमध्ये हवा जास्त भरली तरी तीच सीट वाईट वाटायला लागते.

तिसरी गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती गिऱ्हाईकाला दिसत नाही. गुडघ्यांपुढची जागा जास्त दिसावी म्हणून मागची सीट आखूड करण्याची आणि पाठ सरळ उभी करण्याची वाट सोपी असते. सीट चार सेंमी आखूड केली की लांबून बघताना गाडी चार सेंमीने मोठी वाटते! मग माणूस म्हणतो, वा, काय जागा आहे. ती जागा त्याच्याच मांडीखालून काढलेली असते. पुढच्या सीटची पाठ मागून खोलगट करणं ही मात्र चांगली युक्ती, त्यात कुणाचं नुकसान नाही. म्हणून मोजपट्टी न्या आणि मागच्या सीटची लांबी पाठीपासून कडेपर्यंत स्वतः मोजा. दोन गाड्यांत फरक किती निघतो ते बघा.

पायवाट
सीटफोम, हा प्रतिसाद छापून घरात लावतोय. फिजिओताई, आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, ‘अगदी हेच होतं, उतरताना पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.’ इतकी वर्षं आम्ही तिला हे विचारलंच नव्हतं.

एक शंका. छोट्या गाड्या सगळ्या चार मीटरच्या आत का? दहा-पंधरा सेंमी वाढवले तर मागचा प्रश्न मिटणार नाही का?

गॅरेजवाला
कर. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के केलं आणि छोटी म्हणजे काय, हे ठरवलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेव्हापासून सगळ्या कंपन्या त्या रेषेच्या आत गाडी बसवतात. बलेनो ३९९० मिमीची आहे ती त्यामुळेच. सेडानच्या डिक्या कापून बुटक्या केल्या त्याही त्यामुळेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर रेषा आणखी ठळक झाली, आत १८ टक्के जीएसटी आणि बाहेर ४० टक्के. लांबी बांधलेली असली की जागा मिळवायचे मार्ग दोन: चाकं कोपऱ्यात ढकलायची नाहीतर छत वर न्यायचं. स्विफ्टची उंची १५२० मिमी, वॅगनआरची १६७५. माणसाला ताठ, खुर्चीवर बसवलं की त्याला आडवी जागा कमी लागते. ३६५५ मिमीत चार मोठी माणसं नीट बसतात ती अशी.

नॅनोमध्ये हेच टोकाला नेलं होतं. ३०९९ मिमीची गाडी, इंजिन मागे. मारुती ८०० पेक्षा बाहेरून लहान आणि आतून मोठी. तिच्या बाकीच्या गोष्टींवर कुणी काही म्हणो, सहा फुटी माणूस मागे बसू शकत होता हे मान्य करायला हवं.

नेवाशाचा_दूरदेशी
अमेरिकेतून लिहितोय. इथे पर्यावरण खातं मोटारींचे वर्ग बाहेरच्या लांबीवर ठरवत नाही, आतल्या आकारमानावर ठरवतं: प्रवाशांची जागा अधिक सामानाची जागा, घनफुटांत. १०० ते ११० घनफूट कॉम्पॅक्ट, ११० ते १२० मिडसाइझ, १२० च्या वर लार्ज. त्यामुळे होंडा अकॉर्ड लार्ज ठरते आणि पावणेपाच मीटरहून लांब फोर्ड मस्टँग सबकॉम्पॅक्टमध्ये जाते. एसयूव्ही आणि व्हॅन मात्र या मोजणीत येत नाहीत, त्यांचे वर्ग वजनावर.

भारतात खरेदीच्या कागदावर आतलं आकारमान आणि मागच्या सीटची लांबी सक्तीने छापली, तर अर्धे गैरसमज मिटतील. आईबाबा इथे आले की मी मुद्दाम सरकत्या दारांची मिनीव्हॅन भाड्याने घेतो. शेजारच्या भल्यामोठ्या पिकअपपेक्षा ती साधी दिसते, पण बाबा तिच्यात एकटे चढतात-उतरतात.

सह्याद्रीवारा
थोडा विरोधी सूर लावतो. लांब व्हीलबेसच्या मोठ्या गाडीला इतकं खाली ढकलू नका. समृद्धीवरून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर जायचं असेल, तर लहान गाडी पुढे-मागे डोलते, वाऱ्याने हलते, टायरचा आवाज आत येतो. मोठी गाडी संथ चालते, मागे बसलेली माणसं झोपून जातात. इनोव्हा हायक्रॉसचा व्हीलबेस २८५० मिमी आहे, ती शिडीच्या चासीवर नाही आणि पुढच्या चाकांवर चालते, म्हणून आतली जमीनही सपाट. मोठी गाडी नीट आखली तर काय होतं ते तिच्यात बसून बघा. प्रश्न मोठ्या-छोट्याचा नाही, मोठी गाडी कुठल्या कामासाठी आखलीय याचा आहे.

गोदाकाठ
सह्याद्रीवारा +१. फक्त बजेटही बघा. आमच्या घरी एर्टिगा आहे, नाशिकहून वणी, शिर्डी, मुंबई चालू असतं. मधली रांग पुढे-मागे सरकते आणि पाठ कलते, हे फिजिओताईंच्या मुद्द्याला धरून. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी फक्त २०९ लिटर, म्हणजे सात माणसं असतील तर सामान छतावर. पाच माणसं आणि तिसरी रांग पाडलेली असेल तर ५५० लिटर.

इलेक्ट्रिकचा विचार असेल तर एक इशारा. पेट्रोलच्या गाडीच्या पोटाखाली बॅटरी बसवून केलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत आतली जमीन वर येते, म्हणजे मोठ्या एसयूव्हीचाच गुडघे वर येण्याचा त्रास छोट्या गाडीत. मुळापासून इलेक्ट्रिक आखलेल्या गाड्यांत चाकं कोपऱ्यात आणि जमीन सपाट. एमजीची विंडसर ४२९५ मिमीची आणि व्हीलबेस २७००, मागची पाठ १३५ अंशांपर्यंत कलते. बाबांना दुपारची झोप लागत असेल तर उत्तम. फक्त चालत्या गाडीत इतकी पाठ पाडून झोपू नये, पट्टा छातीवरून सुटतो.

पायवाट
दोन रविवार सगळं कुटुंब घेऊन शोरूमं फिरलो. मोजपट्टी बायकोच्या हातात.

मोठ्या एसयूव्हीत आईने मूठ धरली, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबली. डावा पाय वर येईना. तिथल्या मुलाने धावत जाऊन प्लास्टिकचं स्टूल आणलं. ती चढली, बसली, पण चेहऱ्यावरून कळत होतं. बसल्यावर गुडघे नाभीच्या वर. भाऊही सोबत होता, तो तिथेच म्हणाला, राहू दे.

उंच हॅचबॅकमध्ये आई पाठमोरी टेकली, पाय आत वळवले, कुणाचा हात लागला नाही. ती तिथेच खूश. पण मागे मुलगा, बायको आणि बाबा तिघं बसले की खांद्याला खांदा लागतो आणि मुलाच्या मांडीखाली वीतभर पोकळी. गावापर्यंत ते जमणार नाही.

सीटफोम यांचं म्हणणं मोजपट्टीने पटलं. जिथे सगळ्यांनी ‘किती जागा’ म्हटलं, त्या गाडीची मागची सीट आम्ही पाहिलेल्यांत सर्वात आखूड निघाली. चालकाची सीट माझ्या मापाने लावून मग मुलाला माझ्या मागे बसवलं. ही रीत सगळ्यांनी वापरावी. रिकाम्या, पुढे सरकवलेल्या सीटमागे बसून काहीच कळत नाही.

शेवटी एर्टिगा ठरली. आई पुढे, तिला टेकायला नेमकी उंची. मधल्या रांगेत मुलगा डावीकडे सीट मागे सरकवून, बाबा उजवीकडे, बायको मध्ये. जमीन जवळजवळ सपाट असल्याने तिचे पाय नीट राहतात. तिसरी रांग पाडलेलीच राहील. सोसायटीच्या खांबांमध्ये दार पूर्ण उघडतं, हे शोरूमच्या गाडीवर मोजून मग पार्किंगमध्ये खडूने आखून पाहिलं.

आता एकच विचारायचंय: शोरूमवाले जाड फोमचे सीट कव्हर घ्या म्हणून मागे लागलेत. आईला अजून मऊ होईल असं त्यांचं म्हणणं. घ्यावेत का?

सीटफोम
अभिनंदन! कव्हर घेऊ नका. पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला शिवणीजवळ ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी आहे का बघा. असेल तर बाजूची एअरबॅग तिथून शिवण फाडून बाहेर येते आणि जाड कव्हर तिला अडवू शकतं. कापडाचं पातळ कव्हर हवंच असेल तर ती बाजू मोकळी सोडलेलं घ्या. जाड फोममुळे आईंची बसण्याची उंचीही बदलेल, जी तुम्ही इतकी शोधून काढलीत. कमरेला आधार कमी वाटला तर टॉवेलची गुंडाळी पाठीमागे, कमरेच्या खोलगट भागात ठेवून बघा, तिची जाडी रोज कमी-जास्त करता येते.

फिजिओताई
सहमत. आणि सीटवर एक गुळगुळीत कापडी पिशवी पसरा, पाय आत वळवताना आईंना घसरून फिरता येईल. गाडी निघण्याआधी मात्र ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक मारल्यावर त्या पुढे सरकतील. दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटं खाली उतरवून चालवा. साताऱ्याला एक थांबा, कऱ्हाडला दुसरा, मलकापूरला तिसरा.

लालमाती
मलकापूरनंतर घाट उतरेपर्यंत थांबू नका, खाली पाचलला चहा घ्या. शिमग्याला भेटूच.